मागच्या सीटवरचा गार्ड

बाळांनो, गाडीत बसलं की तुम्ही आधी पट्टा लावता आणि मग खिडकीबाहेर बघता. ते तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. मागच्या खेपेला इथे जयपूरला आलात तेव्हा विमानतळावरच्या टॅक्सीत बसायला धाकट्याने साफ नकार दिला होता, कारण तिच्यात तुमच्या गाडीत असते तशी लहान मुलांची खुर्ची नव्हती. टॅक्सीवाला परोपरीने समजावत होता, "बाबू, मेरी गाड़ी में तो सब ऐसे ही बैठते हैं." धाकट्याला हिंदी कळली नाही, पण काहीतरी चुकतंय एवढं कळलं आणि त्याने भोकाड पसरलं. तुमचे आजोबा पुढे बसले होते. त्यांनी पट्टा ओढला होता, पण अडकवला नव्हता, नुसता हातात धरला होता. चौकातला पोलीस मागे पडला तसा त्यांनी तो सोडून दिला. ते पाहून धाकटा रडायचा थांबला. "आजोबांनी सोडला," त्याने आईकडे चुगली केली.

परवा मोठीने फोनवर विचारलं, "आजी, आजोबा आता तरी लावतात का?" लावतात. पण ते कसं झालं हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर आजोबा शेजारीच बसलेले असतात आणि माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतात. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा. मधे मधे हिंदी येईल. इतकी वर्षं जयपुरात काढल्यावर ती येणारच.

आजोबा रेल्वेत गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते नाव त्यांना कापडाच्या दुकानातल्या मॅनेजरसारखं वाटतं. गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यातला माणूस. इंजिनात ड्रायव्हर, शेपटाला गार्ड, आणि दोघांच्या मधे सगळी गाडी. आम्ही मूळचे अमळनेरचे. बदली होऊन इकडे आलो, तुमची आई इथल्याच शाळेत शिकली, आणि निवृत्तीनंतर परत जायचं, परत जायचं म्हणता म्हणता मानसरोवरात घर घेऊन राहिलो.

आमची गाडी मी चालवते. आजोबांना सायकलीखेरीज काही चालवता येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. "चालवणं हे ड्रायव्हरचं काम," असं ते म्हणतात. आमच्या गाडीत ते नेहमी मागे, डावीकडे बसतात. पुढची जागा रिकामी असली तरी मागे. सुरुवातीला लोकांना वाटायचं आमचं भांडण झालंय. एकदा पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला विचारलं, "साहब की ड्राइवर हो, माताजी?" आजोबा मागून म्हणाले, "हाँ, और बहुत महँगी है."

गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आजोबांच्या मते असं करणारी हिंदुस्थानात मी एकटीच. मी शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, पुस्तक अर्धवट टाकण्याची मला सवय नाही. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा असतो हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि मला ते पटलंही होतं. पण खरं कळलं ते कुकरमुळे.

कुकर दुरुस्तीला न्यायचा होता. मी तो मागच्या सीटवर ठेवला. आमच्या मानसरोवरातल्या मध्यम मार्ग नावाच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि कुकर दोन सीटांच्या मधून उडून पुढे आदळला. रेडिओच्या खाली त्याचा पोचा अजून आहे. गाडीचा वेग काहीच नव्हता, कुत्रंसुद्धा न घाबरता निघून गेलं. मी मात्र बराच वेळ कुकरकडे बघत बसले. तो जिथून उडाला ती आजोबांची जागा होती.

त्या दिवसापासून माझ्या गाडीत मागे ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला पट्टा लागतो. कुकरला, पिठाच्या पिशवीला, कलिंगडाला. फक्त आजोबांना लागत नसे.

"तुझ्या कलिंगडाला पट्टा लाव. मला नको," ते म्हणायचे.

"कलिंगड ऐकतं."

"मागच्याला चलान नाही. पोलीस पुढच्या काचेतून बघतो. मागे कोण बसलंय त्याच्याशी त्याला काय देणंघेणं?"

"त्याला नसेल. मला आहे."

यावर ते खिडकीची काच खाली करून बाहेर बघू लागत. संवाद संपवायची ती त्यांची जुनी रीत.

मग त्यांचं ऑपरेशन झालं. त्याबद्दल तुम्हाला आईने सांगितलंच आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. छातीचं मधलं हाड उघडून हृदयाचं काम केलं आणि ते हाड परत तारेने बांधून टाकलं. हाड सांधेपर्यंत खोकला आला, शिंक आली की छातीशी उशी घट्ट धरायची. आजोबांनी ती उशी इतकी जवळ केली की चहा पितानाही ती मांडीवर असे. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "काही दिवसांनी गाडीतून फिरायला हरकत नाही. मागेच बसा. पट्टा मात्र लावायचाच, आणि पट्टा आणि छाती यांच्या मधे ही उशी."

मागे बसा हे त्यांनी ऐकलं. पुढचं ऐकलं नाही.

आता गुरुवारबद्दल सांगायला हवं. आजोबांचे एक जुने सोबती आहेत. ते रेल्वेत ड्रायव्हर होते, इकडचेच, सीकरकडचे. घरात आम्ही त्यांना ड्रायव्हरसाब म्हणतो आणि ते आजोबांना गार्ड साब म्हणतात. कित्येक वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काम केलं, पण एक पुढे आणि एक मागे, त्यामुळे बोलणं व्हायचं ते गाडी सुटण्याआधी आणि पोचल्यावर. आजोबा म्हणतात की त्यांची अर्धी मैत्री झेंडी हलवण्यात गेली. म्हणून निवृत्तीनंतर दोघांनी बोलायचं ठरवलं. ड्रायव्हरसाबांच्या मुलाचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात नळाचे सांधे बनवायचा छोटा कारखाना आहे. तिथे ऑफिसबाहेर बाकावर दर गुरुवारी हे दोघे बसतात, चहा पितात आणि मशीनच्या आवाजात एकमेकांवर ओरडतात. ऑपरेशनपासून ते बंद होतं. आजोबा घरात तक्रार करत नव्हते, पण गुरुवार आला की सकाळीच दाढी करून बसायचे.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या पहिल्या गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, उशी घेऊन गाडीत मागे जाऊन बसले. मी पुढे बसले.

"पट्टा लावा."

"चल गं तू."

"पट्टा लावल्याशिवाय नाही."

"मी चाललोय कुठे, दिल्लीला? विश्वकर्मापर्यंत तर जायचंय."

"सीकर रोड आहे तो. लोखंडाच्या सळया लादलेले ट्रक असतात."

"ट्रकांना सांग, मागे पेशंट बसलाय."

मी चावी काढून घेतली आणि घरात येऊन तांदूळ निवडत बसले. ऊन चढेपर्यंत ते गाडीत बसून होते. मग आले आणि पंख्याखाली पडले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मी चिडले होते, पण चिडण्याखाली भीती होती. ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर बसून मी जे काय सोसलं, त्यानंतर हा माणूस कुकरसारखा उडून समोर आदळलेला मला बघायचा नव्हता. आणि त्यांना न नेता घरात ठेवलं तर ते दाढी करणंही सोडतील, हे मला दिसत होतं.

त्याच संध्याकाळी ड्रायव्हरसाबांचा फोन आला. आजोबा फोन मोठ्या आवाजात लावतात, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"क्यों गार्ड साब, आज भी नहीं आए?"

"काय करू? आमचे ड्राइवर गाडी छोडतच नाहीत," आजोबा आपल्या नेहमीच्या मिसळलेल्या भाषेत म्हणाले.

ड्रायव्हरसाब मोठ्याने हसले. "ड्राइवर कब से गाड़ी छोड़ने लगा? ड्राइवर तो बस चलाता है. छोड़ता तो गार्ड है. भाभीजी, ठीक कहा ना?"

"बिलकुल ठीक," मी स्वयंपाकघरातून म्हटलं. आणि भाजी ढवळताना तेच मनात घोळत राहिलं.

तुम्हाला हे समजून घ्यायला हवं. आगगाडी ड्रायव्हरच्या मनाने सुटत नाही. सिग्नल हिरवा असला तरी गार्ड आपल्या डब्यातल्या घड्याळासारख्या तबकडीवर ब्रेकचा दाब बघतो, गाडीवरून नजर फिरवतो, आणि सगळं नीट असेल तरच "ऑल राइट" कळवतो. मगच गाडी हलते. वाटेत प्रत्येक स्टेशनावरून जाताना पुढचा आणि मागचा एकमेकांना पुन्हा तेच दाखवतात. फुलेऱ्याच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनवर आजोबांनी भर दुपारी गाडी थांबवून धरली होती. तबकडीचा काटा हवा तिथे येत नव्हता. स्टेशन मास्तर धावत आले, प्रवासी खाली उतरून बोलू लागले, कोणीतरी आजोबांच्या तीर्थरूपांचा उद्धार केला. आजोबा म्हणाले, काटा आला नाही तर नाही. ही गोष्ट मी कित्येक वर्षं ऐकत आले आहे. तिच्यात दर वेळी उन्हाळा वाढतो, पण काटा तसाच राहतो.

तर पुढच्या गुरुवारी मी म्हटलं, "ड्रायव्हरसाबांचं बरोबर आहे. आजपासून मी तुम्हाला काही सांगणार नाही. तुम्ही ऑल राइट म्हणालात की निघायचं."

"खरंच?"

"खरंच. पट्ट्याचं नावसुद्धा काढणार नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला जरा वाईटच वाटलं. त्यांनी गाडीला फेरी मारली. चपलेने चारही टायर ठोकून पाहिले. डिकी नीट लागली आहे का बघितलं. मग मागे बसून, उशी छातीशी घेऊन, ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं, "दरवाजे?"

"बंद."

"पाणी?"

"घेतलं."

"गोळ्या?"

"पर्समध्ये."

"तुझा लांबचा चष्मा?"

"डोळ्यांवर आहे."

"ठीक. मग..."

पुढचा शब्द आला नाही. मी आरशात बघितलं नाही. समोर बघत, चावीवर हात ठेवून बसले.

"गार्डला मोजत नसतात," थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"कशात?"

"प्रवाशांत. गार्ड वेगळा."

"बरं. मग म्हणा ऑल राइट. निघते मी."

शेजारचे गृहस्थ स्कूटर बाहेर काढत होते. ते काचेशी वाकले. "आंटीजी, स्टार्ट नहीं हो रही क्या? धक्का लगा दूँ?"

"नहीं भैया, सिग्नल नहीं मिला."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मागे पाहिलं आणि सभ्यपणे स्कूटर सुरू केली.

स्कूटर वळून गेल्यावर आजोबा म्हणाले, "तू मास्तरीण आहेस, बरोबर कोंडीत पकडतेस." आवाजात राग नव्हता. "मला खोटं ऑल राइट म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"हसशील तू."

"नाही हसणार."

"मला वाटतं उसवेल. आत तारेनं बांधलंय ना. तू ब्रेक मारशील, पट्टा आवळेल आणि हाड उघडेल. डब्याच्या दारासारखं. रोज रात्री कुशीवर वळतानाही मला तेच वाटतं."

मी हसले नाही. ज्या माणसाने घरात कधी साध्या तापालाही ताप म्हटलं नाही, तो इतके आठवडे हे मनात घेऊन चलानच्या गोष्टी करत होता. मी कुकरचं उदाहरण दिलं नाही. पुस्तकही काढलं नाही. मागे जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर कामात होते, पण बोलले. आजोबांनी त्यांना उसवण्याबद्दल स्वतःच विचारलं, अगदी हळू. डॉक्टर म्हणाले की हाड चांगलं जुळत आलं आहे, मधे उशी असली की पट्ट्याने ते उघडत नाही. "पट्टा न लावता समोर आदळलात तर मात्र मला जबाबदार धरू नका," असंही म्हणाले. आजोबा फोन ठेवून म्हणाले, "भला माणूस आहे. पण त्याला कुठे तार बसवलीय?"

त्या दिवशी आम्ही विश्वकर्माला गेलो नाही. पण उठलोही नाही. मी पट्टा ओढला, उशी मधे ठेवली आणि अडकवला. त्यांना वळून हात मागे नेता येत नव्हता. गाडी बंदच होती. आम्ही दोघं घरासमोर उभ्या गाडीत मागे बसून राहिलो, त्यांना पट्टा लावलेला आणि माझ्या हातात त्यांचा हात. समोरून जाणाऱ्या दोन बायका थांबून बघून गेल्या. "आता आपण नुसते बसायलाही गाडीत येतो, असं कॉलनीत पसरणार," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी गाडी बागेभोवती फिरवली, तीसुद्धा अशी की चालणारे आम्हाला मागे टाकत होते. स्पीडब्रेकर आला की ते आधीच सांगायचे, जणू मला दिसतच नाही. हळूहळू बागेची फेरी मोठी झाली. उशीवरची पकड सैल झाली. पट्टा मात्र मीच अडकवायचा आणि मीच काढायचा, हे ठरलेलं होतं. माझ्या हाताने लावला तर काही होणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं असावं.

मग एका गुरुवारी ते स्वतःच म्हणाले, "आज काटा बरा दिसतोय." आम्ही निघालो.

सीकर रोडवर चोमू पुलियाच्या पुढे गर्दी होती. ट्रक, टेम्पो, बस. मी डावीकडून जपून चालले होते. तेवढ्यात एक ई-रिक्षा उलट्या बाजूने, अगदी समोर आली. मी पूर्ण जोराने ब्रेक दाबला. माझी पर्स खाली पडली, पाण्याची बाटली पुढे घरंगळली, मागे पट्टा घट्ट आवळल्याचा आवाज झाला आणि आजोबांच्या तोंडून हवा निघाल्यासारखा हुंकार आला. ई-रिक्षावाला हात जोडत बाजूने निघून गेला. मी गाडी कडेला कशी घेतली ते मला आठवत नाही. दार उघडून मागे गेले, पट्टा सोडवला, उशी काढली आणि त्यांच्या शर्टाची बटणं उघडू लागले.

"अगं, भर रस्त्यात," ते म्हणाले.

"दुखतंय? इथे? इथे दुखतंय का?"

"दाबू नकोस. तुझ्याच हातानं दुखेल."

मी थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण श्वास नीट चालला होता. त्यांनी स्वतः तळहात छातीवर ठेवला, मधोमध, आणि डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. इतका खोल श्वास घेताना ऑपरेशननंतर मी त्यांना पाहिलं नव्हतं, त्यांनी तो भीतीपोटी घेतलाच नव्हता.

"आहे," ते म्हणाले. "जागेवर आहे सगळं."

"घरी जाऊ या."

"घरी कशाला? इतक्या लांब आलोय."

"मला आत्ता चालवता येणार नाही."

"मग बस जरा. गाडी लेट झाली तरी चालेल. कारण लिहून टाकू, ई-रिक्षा, चुकीच्या दिशेने."

मी पुढे जाऊन बसले, बाटली उचलून पाणी प्यायले, त्यांनाही दिलं. शर्टाची बटणं त्यांनी लावली. मी हात पुसून, मागे वळून त्यांचा पट्टा अडकवायला उठणार तेवढ्यात मागे धडपड ऐकू आली. आरशात बघितलं तर ते ओठ दाबून, उशी हनुवटीखाली धरून, डावा हात मागे नेऊन पट्टा ओढत होते. एकदा तो सुटला. दुसऱ्यांदा निम्म्यावर अडकला आणि त्यांनी खानदेशातली एक शिवी दिली, जी मी इथे लिहिणार नाही. मी मदतीला वळले नाही. तिसऱ्यांदा तो खाली गेला आणि बसला.

विश्वकर्माला पोचलो तेव्हा ड्रायव्हरसाब बाकावर वाट बघत होते. चहाबरोबर कांद्याची कचोरी होती. आजोबांना ती मना आहे. त्यांनी अर्धी खाल्ली आणि मी न पाहिल्यासारखं करून मशीनकडे बघत राहिले.